गाडी दीड लाख पळाली आहे. टायमिंग बेल्ट कधी बदलला होता?

२०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची मोठी स्नानं आहेत आणि नाशकात त्याची तयारी आता रस्त्यांच्या खोदकामापुरती राहिलेली नाही. टुरिस्ट परमिटवर चालवायला जुनी सात-आठ सीटर कुठे मिळते का, याची विचारपूस मुंबई नाक्यापासून सिन्नरपर्यंत चालू आहे. गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या तिघांनी मला जवळपास एकच प्रश्न विचारला. गाडी चांगली आहे, बॉडी स्वच्छ आहे, दीड लाख पळालीय. टायमिंग बेल्ट बदलावा लागेल का?

तिघांनाही मी उलटा प्रश्न विचारला. शेवटचा कधी बदलला होता, आणि त्याचं बिल आहे का? तिघांकडेही बिल नव्हतं. मग माझं उत्तर सोपं होतं: पहिली लांबची ट्रिप करायच्या आधी बदला. एवढं ठामपणे का सांगतो, ते नीट समजावून सांगायचं आहे, कारण ‘एक लाखाला बदलायचा असतो’ एवढ्या ऐकीव वाक्यावर लोक गाडी घाटात घालतात.

## मुसळ, हात आणि उखळ

इंजिनात खाली पिस्टन असतात. ते वर-खाली होतात आणि त्यांच्या जोरावर क्रँकशाफ्ट नावाचा जाड दांडा फिरतो. चाकांना ताकद मिळते ती त्याच्याकडून. वरच्या भागात, म्हणजे हेडमध्ये, व्हॉल्व्ह असतात. हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या या झडपा. गॅरेजमध्ये त्यांना सरळ ‘वॉल’ म्हणतात. त्या दाबून उघडणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. खालच्या दांड्याचे दोन फेरे झाले की वरच्याचा बरोबर एक फेरा व्हायला हवा. हा हिशेब चुकू न देणारा दातेरी रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट.

आजीला उखळात मिरची कांडताना पाहिलं असेल तर पुढचं लगेच कळेल. एका हातात मुसळ. मुसळ वर गेलं की दुसरा हात उखळात जातो, कडेची मिरची आत लोटतो आणि मुसळ खाली यायच्या आत बाहेर येतो. जागा एकच, ती दोघांनी पाळीपाळीने वापरायची. इंजिनात पिस्टन म्हणजे मुसळ आणि उघडलेली झडप म्हणजे तो हात. दोघांची गाठ पडत नाही ती फक्त लयीमुळे. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे मारत असेल तर प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते आणि मिटते. आजीचा हात सेकंदाला २५ वेळा उखळात जाऊन सुखरूप परत यायचा, असं समजा. ती लय एका पट्ट्याच्या दातांवर टिकलेली आहे.

पट्टा तुटला की कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो. ज्या झडपा त्या क्षणी उघड्या होत्या त्या उघड्याच राहतात. पण खालचे पिस्टन गाडीच्या वेगामुळे आणखी काही फेरे मारतात आणि त्या झडपांवर आदळतात. सगळ्याच इंजिनांत असं होत नाही. काहींमध्ये मधे पुरेशी जागा सोडलेली असते, तिथे गाडी नुसती बंद पडते. डिझेल इंजिनात मात्र हवा फार दाबावी लागते, त्यामुळे वर मोकळी जागा उरतच नाही. तिथे टक्कर जवळपास ठरलेली.

## माझ्या गाडीत बेल्ट आहे की चेन?

सगळ्यात आधी हे शोधा, कारण कित्येक गाड्यांत पट्ट्याच्या जागी लोखंडी साखळी, म्हणजे टायमिंग चेन असते. जुन्या डिझेल इनोव्हात बेल्ट आहे. २०१६ पासून आलेल्या क्रिस्टाच्या डिझेल इंजिनात चेन आहे. स्विफ्ट आणि डिझायरच्या १.३ डिझेलला चेन. डस्टर डिझेल, पोलो आणि व्हेंटो डिझेल, इकोस्पोर्ट डिझेल, जुनी डिझेल इंडिका, सँट्रो झिंग, १.१ इंजिनाची आय-टेन यांना बेल्ट. २००७ मध्ये आपल्याच नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडू लागलेली डिझेल लोगन आणि तिचीच पुढे झालेली व्हेरिटो, यांनाही बेल्टच. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोलला चेन आणि डिझेलला बेल्ट असंही असतं. म्हणून नावावर जाऊ नका. गाडीसोबतचं पुस्तक उघडा, किंवा चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या पार्ट काउंटरवर विचारा.

चेन असेल तर तिला ठरावीक मुदत नसते, पण म्हणून ती अमर नाही. ती ऑइलवर जगते. ऑइल बदलायला उशीर केलेल्या गाडीत ती झिजून सैल पडते आणि सकाळी पहिल्या सेल्फला खडखडते. तो खडखडाट ऐकू आला की थांबायचं नाही.

आणखी एक प्रकार आहे: इंजिन ऑइलमध्येच भिजत फिरणारा बेल्ट. फोर्डच्या इकोस्पोर्टमधल्या तीन सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनांत तो आहे. तिथे चुकीच्या ग्रेडचं ऑइल थेट बेल्टचं रबर खराब करतं, आणि त्याचे कण ऑइलच्या वाटा बुजवू शकतात. अशी गाडी असेल तर ऑइलच्या डब्यावरचा ग्रेड पुस्तकाशी ताडून मगच ते टाकू द्या.

## घाटात काय झालं

ही हकिगत आमच्या घरची आहे. मामांनी एक जुनी डिझेल गाडी घेतली होती. विकणाऱ्याने सांगितलं होतं, टायमिंग बेल्ट नुकताच बदललाय. मुंबईला निघालो होतो, मामा चालवत होते, मी शेजारी. कसारा घाट उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज अचानक गेला. स्फोट नाही, धूर नाही. एक ‘टक्’ झालं आणि डॅशबोर्डवरचे दिवे लागले.

इथे एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. ब्रेकचा पेडल हलका लागतो तो हवा ओढणाऱ्या एका पंपामुळे, आणि बऱ्याच डिझेल गाड्यांत तो पंप कॅमशाफ्टच्याच टोकाला बसवलेला असतो. बेल्ट गेला की कॅमशाफ्ट थांबतो आणि पंपही थांबतो. साठवलेल्या ओढीवर दोन-तीन वेळा ब्रेक नेहमीसारखा लागतो, मग पेडल दगडासारखा होतो. ब्रेक निकामी झालेला नसतो, पण पायाचा सगळा जोर लावावा लागतो. मामांनी ब्रेक पंप न करता एकदाच दाबून धरला, गाडी डावीकडच्या कठड्याला घेतली आणि हँडब्रेक ओढला. मागून भरलेला कंटेनर येत होता. तो शेजारून खाली गेला तेव्हा आमची गाडी हलली.

थांबल्यावर सेल्फ मारून पाहिला. इंजिन नेहमीपेक्षा भराभर, हलकं फिरलं, नुसतं ‘सुर्रर्र’. एरवी सेल्फला जो दम लागतो तो हवा दाबायचा असतो. झडपा उघड्या राहिल्या की दाबायला हवाच उरत नाही. हा आवाज ओळखून ठेवा. तो आला तर पुन्हा सेल्फ मारू नका आणि धक्का तर मुळीच देऊ नका. प्रत्येक फेऱ्याला वाकलेली झडप आणखी वाकते. आम्ही तीन वेळा सेल्फ मारला होता, तेव्हा माहीत नव्हतं.

गाडी टो करून नाशकात आणली. दोन दिवसांनी हेड खोललं तेव्हा मिस्त्रींनी आम्हाला बोलावून घेतलं. वर्तमानपत्रावर आठ वॉल ओळीने मांडले होते. एक उचलून त्यांनी काचेवर लोळवला. तो सरळ न लोळता डगमगत गेला. मग टॉर्च मारून पिस्टनचं डोकं दाखवलं. काळ्या काजळीवर चकचकीत चंद्रकोरीसारखी खूण उमटलेली, प्रत्येक पिस्टनवर. झडपेची कडा जिथे आदळली ती जागा. बेल्ट, बाकीचे सुटे भाग आणि मजुरी मिळून वेळेवर जेवढा खर्च आला असता, त्याच्या सहापट बिल झालं. गाडी अठरा दिवस गॅरेजमध्ये होती.

विकणारा खोटं बोलला होता का? नाही. बेल्ट खरंच नवा होता. त्याबद्दल पुढे येतोच.

## किलोमीटर, वर्षं आणि तास

कंपनी दोन आकडे देते: इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षं, जे आधी होईल ते. इंजिनानुसार हा आकडा साधारण ६०,००० पासून दीड लाख किलोमीटरपर्यंत आणि चार-पाच वर्षांपासून आठ-दहा वर्षांपर्यंत बदलतो. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा तुमच्या कामाचा नाही. तुमच्या इंजिनाचा आकडा पुस्तकात असतो, तोच धरा.

लोक किलोमीटर लक्षात ठेवतात आणि वर्षं विसरतात. पण हा पट्टा म्हणजे उष्णता सोसणारं रबर, आत काचेच्या बारीक धाग्यांचे दोर आणि दातांवर कापडाचा थर. इंजिनाशेजारच्या बंद कप्प्यात तो रोज तापतो आणि रोज निवतो. गाडी न पळताही रबराचं वय वाढतं. उन्हात ठेवलेलं रबरबँड न ताणताही तुटतं ना, तसंच. म्हणून ‘काकांची गाडी आहे, दहा वर्षांत ३५ हजारच पळालीय’ ही गाडी बेल्टच्या बाबतीत नवी नाही. ती मुदतीबाहेर गेलेली आहे.

तिसरा हिशेब तासांचा. तो पुस्तकात ठळक लिहिलेला नसतो, पण बेल्टला तोच कळतो. एक गाडी समृद्धीवरून आणि महामार्गावरून सरासरी ताशी ६० किलोमीटरने पळते. दुसरी द्वारका सर्कलच्या कोंडीतून, शाळा-बाजार करत सरासरी ताशी २० ने. दोन्ही मीटरवर ६०,००० किलोमीटर दिसतात. पहिलीचं इंजिन १,००० तास फिरलंय, दुसरीचं ३,००० तास. एसी लावून मंदिराबाहेर भाविकांची वाट बघणारी टुरिस्ट गाडी तर मीटर न हलवता तास जमा करत असते. गाडी मुख्यतः शहरात किंवा टॅक्सीत चालत असेल तर मी पुस्तकातल्या आकड्याच्या तीन-चतुर्थांशावरच काम करून घेतो. १ लाख लिहिलं असेल तर ७५ हजार. हा माझा निर्णय आहे, कंपनीचा नियम नाही. पण धूळ, उष्णता आणि घाट यांसाठी बऱ्याच कंपन्या ‘कठीण वापर’ असं वेगळं, कमी अंतराचं कोष्टक देतात, तेही पाहून घ्या.

जुन्या डिझेल इनोव्हाच्या डॅशबोर्डवर यासाठी टी-बेल्ट नावाचा दिवाच आहे. चांगली सोय आहे, फक्त तो काय बघतो ते समजून घ्या. तो बेल्ट बघत नाही, किलोमीटर मोजतो. आणि बेल्ट न बदलताही तो दिवा विझवता येतो. वापरलेल्या गाडीत दिवा लागलेला नाही, म्हणजे बेल्ट बदललाय, असं धरू नका.

## “आधी काही आवाज येईलच की”

बहुतेक वेळा येत नाही. सकाळी बॉनेटमधून जी किंचाळी ऐकू येते ती बाहेरच्या फॅन बेल्टची, म्हणजे अल्टरनेटर आणि एसी फिरवणाऱ्या पट्ट्याची. टायमिंग बेल्ट दातेरी असतो, तो घसरून किंचाळत नाही. आवाज आलाच तर तो त्याच्या शेजारच्या बेअरिंगचा येतो: गिरणीत लांबून ऐकू येते तशी घरघर, इंजिनाच्या एका कडेने. तो आला तर नशीब चांगलं समजा आणि गाडी उभी करा.

बाकी खुणा अप्रत्यक्ष असतात. कव्हरच्या खालून ऑइल ओघळतंय, कूलंट वारंवार कमी होतंय, हल्ली सेल्फ जास्त मारावा लागतोय. ऑइल लागलं की रबर फुगतं आणि दात सैल होतात, म्हणून तिथली गळती ‘थोडीशीच आहे’ म्हणून सोडायची नसते. पीयूसी वेळेवर निघाली म्हणून निर्धास्त होऊ नका. ती धूर तपासते, पट्टा नाही.

## “मिस्त्रींनी कव्हर काढून पाहिलं, चांगला आहे म्हणाले”

मिस्त्रींवर अविश्वास नको, पण त्यांना दिसतं किती? वरचं कव्हर काढल्यावर पट्ट्याचा वीतभर भाग दिसतो, तोही पाठीकडून. झीज होते दातांच्या मुळाशी आणि थकतात आतले काचेचे दोर. भेगा, सुटलेले धागे किंवा ऑइल दिसलं तर बेल्ट खराब आहे हे नक्की. काहीच दिसलं नाही तर तो चांगला आहे, हे मात्र नक्की नाही. पाहणीने फक्त वाईट बातमी कळते. चांगली बातमी कागदावरून कळते, म्हणजे तारखेवरून आणि बिलावरून.

## “नुसता बेल्ट टाका, बाकीचं कशाला?”

आता मामांच्या गाडीकडे परत येतो. बेल्ट नवा होता. बदलला नव्हता तो टेन्शनर, म्हणजे पट्टा ताणून धरणारी पुली. तिच्या आत छोटं बेअरिंग असतं, जन्मभराचं ग्रीस भरून बंद केलेलं. त्या बेअरिंगने जुन्या बेल्टबरोबर आपलं आयुष्य काढलं होतं. ते त्या दिवशी घाटात जाम झालं, न फिरणाऱ्या पुलीवर नवा पट्टा घासला, कडेला सरकला आणि फाटला. मिस्त्रींनी पुली आमच्या हातात दिली; ती बोटांनी फिरवताना कणीदार लागत होती, जणू आत रवा भरलाय.

आधीच्या मालकाने पैसे वाचवले होते ते त्या पुलीचे. मजुरी तर त्याने पूर्ण दिलीच होती, कारण या कामात खरा खर्च तिथवर पोचण्याचा असतो: माउंटिंग सोडा, कव्हर काढा, टायमिंगच्या खुणा जुळवा. एकदा तिथे पोचल्यावर बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर, म्हणजे पट्ट्याला वाट देणारी साधी पुली, हे सगळं एकत्रच बदलायचं. बाजारात ते किट म्हणून मिळतं. ज्या इंजिनात वॉटर पंपही याच पट्ट्यावर फिरतो, तिथे पंपही त्याच वेळी. सहा महिन्यांनी पंप गळला तर तेवढीच मजुरी पुन्हा द्यावी लागते आणि कूलंटने भिजलेला नवा बेल्ट फेकावा लागतो. क्रँक आणि कॅमच्या ऑइल सील ओलसर दिसत असतील तर त्याही.

## “गाडीच एवढी जुनी, तिच्यावर आणखी खर्च?”

हा प्रश्न रास्त आहे. गाडी दोन महिन्यांत भंगारात द्यायची असेल आणि घर ते मंडई एवढीच चालणार असेल, तर करू नका. मीही करणार नाही. पण वर्षभर चालवायची असेल, तीही माणसं बसवून, सप्तशृंगीचा घाट चढवून, तर हिशेब बदलतो. बेल्ट गेलेल्या जुन्या गाडीच्या हेडचं काम कित्येकदा गाडीच्या उरलेल्या किमतीच्या आसपास जातं. किट टाकलेली गाडी निदान चालू स्थितीत विकता येते. आणि मागे सात प्रवासी बसलेले असताना उतारावर इंजिन बंद पडण्याची गोष्ट पैशांच्या हिशेबात घालूच नये.

## काम करून घेताना

आधी विचारा, या इंजिनाचं टायमिंग लॉक करायची पिन किंवा टूल त्यांच्याकडे आहे का. बऱ्याच डिझेल इंजिनांत दोन्ही दांडे पिनने अडकवूनच बेल्ट बसवावा लागतो. ‘खडूने खूण करून बसवतो’ असं उत्तर आलं तर दुसरं गॅरेज बघा. किट स्वतः आणणार असाल तर पार्ट नंबर गाडीच्या चेसिस नंबरवरून काढा, सीलबंद खोका घ्या आणि त्यावरची पॅकिंगची तारीख वाचा. दुकानात वर्षानुवर्षं पडलेलं रबरही म्हातारंच असतं. नवा बेल्ट कुणी दुमडून किंवा पीळ घालून हातात देत असेल तर घेऊ नका. आतले काचेचे दोर दुमडल्यावर तुटतात आणि वरून काही दिसत नाही.

बसवून झाल्यावर सेल्फ मारायच्या आधी इंजिन पान्याने, हाताने, पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा परत जुळतात का ते पाहायचं असतं. दोन फेरे यासाठी, की तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा पुरा होतो. कुठे चूक असेल तर हाताला अडकल्याचं कळतं आणि काहीही न वाकता सुधारता येतं. शक्य असेल तर त्या वेळी तिथे उभे राहा. चांगल्या मिस्त्रींना याचा राग येत नाही. खालचं प्लास्टिकचं कव्हर परत बसवलंय ना, तेही वाकून पाहा. ते बऱ्याचदा ‘तुटलंय, राहू द्या’ म्हणून कोपऱ्यात पडतं. मग पावसात इगतपुरी-त्र्यंबकच्या रस्त्यावरचं गढूळ पाणी आणि एरवी खोदकामाची माती थेट पट्ट्यावर जाते.

जुने भाग मागून घ्या. बिलावर ‘टायमिंग काम’ एवढंच लिहू देऊ नका. बेल्ट, टेन्शनर, आयडलर, पंप, प्रत्येकाचं नाव, पार्ट नंबर, तारीख आणि मीटरचा आकडा. मीटर मागे फिरवलेल्या गाड्या बाजारात असतात, म्हणून गाडी विकत घेतानाही हेच बिल मागा आणि त्यातल्या ओळी वाचा. त्या विकणाऱ्याने आम्हाला बिल दाखवलं असतं तर त्यात एकच ओळ होती, हे आम्हाला दिसलं असतं.

मामांकडे आता दुसरी गाडी आहे, तिलाही बेल्टच. बॉनेट उघडलं की रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर पांढऱ्या रंगाने तारीख आणि किलोमीटर लिहिलेले दिसतात, मामांच्याच अक्षरात. तिची मुदत सिंहस्थाच्या मधोमध संपते. मामांनी आधीच्या मे महिन्यातले तीन दिवस मिस्त्रींना आजच सांगून ठेवले आहेत.